सावरकर तलावापासून व्हेल शार्कच्या शेजारापर्यंत: मोठ्या समुद्री प्राण्यांसोबत पोहण्याची पूर्ण तयारी

व्हेल शार्कसोबत पोहायचा विषय निघाला की नाशिककराचा पहिला प्रश्न असतो खर्चाचा आणि दुसरा, "चावत नाही ना?" खरं तर सगळ्यात आधी स्वतःला विचारायचा प्रश्न वेगळाच आहे: पाण्यात तोंड खाली घालून, पाय न टेकवता, अर्धा तास शांत पडून राहता येतं का? याचं उत्तर "हो" असेल तर बाकीचं सगळं पैशाने आणि फोनवर जमतं. ते "नाही" असेल तर मालदीवचं महागडं हॉटेल घेऊनही बोटीच्या शिडीला धरून लोंबकळण्यापलीकडे फार काही होत नाही.

चावण्याचं आधी मिटवून टाकू. व्हेल शार्क हा जगातला सगळ्यात मोठा मासा. १८ मीटरच्या आसपास लांबीच्या नोंदी आहेत, पण पर्यटकांना दिसतात ते बहुतेक ५ ते ८ मीटरचे. तोंड माणूस मावेल एवढं रुंद असतं, गळा मात्र अरुंद. तो पाणी गाळून प्लवक (पाण्यात तरंगणारे बारीक जीव), माशांची अंडी आणि बारीक मासे खातो. मांटा रे हा पाकटाच्या कुळातला असला तरी त्याच्या शेपटीला विषारी काटा नसतो. हंपबॅक देवमाशाला तर दातच नसतात. या प्रवासातले खरे धोके वेगळे आहेत: शेपटीचा फटका, बोटीचा पंखा, पाण्याची ओढ आणि आपली स्वतःची धाप. पुढची सगळी तयारी या चार गोष्टींसाठी आहे.

प्राणी आणि महिना आधी, देश नंतर

आपल्याकडे सुट्टी आधी ठरते, मग देश, आणि तिथे पोचल्यावर "इथे काय बघायला आहे" ही चौकशी. या सहलीत तो क्रम चालत नाही. प्राणी कुठल्या महिन्यात कुठे असतो हे त्याच्या खाण्यावर किंवा विणीवर ठरतं.

नाशिकहून पहिल्यांदा जाणाऱ्याला मी मालदीवच सुचवतो. मुंबईहून थेट विमान आहे आणि भारतीयांना व्हिसा आधी काढावा लागत नाही, उतरल्यावर मोफत मिळतो. फक्त प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत 'इमुगा' नावाचा ऑनलाइन फॉर्म भरायचा असतो. तिथल्या दोन जागा लक्षात ठेवा. पहिली दक्षिण आरी अटॉल (अटॉल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं). प्रवाळाच्या कडेचा हा पट्टा २००९ पासून संरक्षित आहे आणि इथे व्हेल शार्क बाराही महिने दिसतात, बहुतेक तरुण नर. धिगुरा किंवा मामिगिली या गावांच्या बेटांवर घरगुती गेस्टहाऊसमध्ये राहिलं तर रिसॉर्टच्या तुलनेत फार कमी पैशांत काम होतं.

दुसरी जागा बा अटॉलमधली हनिफारू खाडी. हे अटॉल २०११ पासून युनेस्कोचं जीवावरण राखीव क्षेत्र आहे. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात, म्हणजे साधारण जून ते नोव्हेंबर, इथे मांटा जमतात. वारा आणि प्रवाह प्लवक अटॉलकडे ढकलतात, भरतीबरोबर ते या छोट्या खाडीत शिरून अडकतं आणि मांटांची पंगत बसते. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, तेव्हा शक्यता वाढते. त्यामुळे तिकीट काढण्याआधी भिंतीवरचं कालनिर्णय उघडा आणि तिथी बघून तारखा धरा. नाशकात पाऊस कोसळत असतो आणि कोकणातलं पाणी गढूळ झालेलं असतं, नेमका तोच तिथला हंगाम. गणपतीनंतरची किंवा दिवाळीची सुट्टी छान बसते, मात्र दिवाळी नोव्हेंबरात गेली तर हंगाम उतरणीला लागलेला असतो. हनिफारूत स्कूबा, म्हणजे सिलिंडर लावून खाली जाणं, चालत नाही. फक्त स्नॉर्कल, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्यावर तरंगत खाली बघणं. परवानाधारक गाईड लागतो आणि एका गटाला ४५ मिनिटं मिळतात.

दूर जायची तयारी असेल तर पश्चिम ऑस्ट्रेलियातलं निंगालू. मार्च ते जुलैच्या दरम्यान तिथे व्हेल शार्क येतात आणि ते शोधायला वरून छोटं विमान फिरतं. मे महिन्याच्या सुट्टीशी हे जुळतं, पण आधी पर्थ, मग तिथून एक्समाउथ, म्हणजे खर्च आणि वेळ दोन्ही जास्त. फिलिपाइन्समधल्या डोन्सोलमध्ये प्राण्यांना खाऊ न घालता चालणाऱ्या सफरी आहेत. हंपबॅकसोबत पाण्यात उतरायचं तर टोंगा, जुलै ते ऑक्टोबर. तिथे एका वेळी चारच पर्यटक आणि एक गाईड पाण्यात असतात. हे पहिल्या सहलीचं काम नाही. श्रीलंकेत मिरिस्सा इथे डिसेंबर ते एप्रिल निळे देवमासे दिसतात, ते बोटीतूनच बघावेत.

भारतात काय? गुजरातच्या वेरावळ-मांगरोळ किनाऱ्यावर व्हेल शार्क येतात. एके काळी तिथे त्यांची मोठी शिकार व्हायची. २००१ मध्ये हा मासा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आला. २००४ पासून मोरारी बापूंनी त्याला माहेरपणाला आलेल्या लेकीची उपमा देत प्रचार केला, आणि तेच मच्छीमार जाळी कापून त्याला सोडू लागले. पण तिथे त्याच्यासोबत पोहण्याच्या सफरींची व्यवस्था नाही, आणि कुणी खासगीत "नेतो" म्हणाला तर जाऊ नका. आपल्या कायद्यात शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला हुसकावणं आणि आमिष दाखवणं हेही येतं. पाण्यातून बघायला आपल्याकडे सगळ्यात सोपं समुद्री कासव, लक्षद्वीप आणि अंदमानात. सरावाच्या सहलीसाठी ते उत्तम आहे.

डॉल्फिनच्या टाकीचं काय करायचं

काहीच करायचं नाही, जायचं नाही. दुबई किंवा थायलंडच्या पॅकेजमध्ये "डॉल्फिनसोबत पोहा" असा जादा पैशांचा पर्याय असतो आणि मुलं हट्ट धरतात. भारत सरकारने २०१३ मध्येच देशात डॉल्फिनची अशी केंद्रं उभारायला मनाई केली. जे घरी चालत नाही त्याचं तिकीट बाहेर जाऊन कशाला काढायचं? मोकळ्या समुद्रातल्या डॉल्फिनचंही थोडं तसंच. स्पिनर डॉल्फिन रात्री शिकार करतात आणि दिवसा उथळ खाडीत विसावतात, म्हणजे पर्यटकांच्या बोटी येतात ती त्यांची झोपेची वेळ असते. म्हणून हवाईत २०२१ पासून त्यांच्या ५० यार्डांच्या आत जायला बंदी आहे. मालवणात किंवा मुरुडला डॉल्फिन बोटीतून बघा. बोटवाल्याला "अजून जवळ घ्या हो" म्हणू नका, तो तुमच्या आग्रहाखातरच नेतो.

नाशकातली तयारी: तलाव

हा भाग सगळ्यात मोठा आहे आणि सगळ्यात स्वस्तही. त्र्यंबक रोडचा सावरकर तलाव, नाशिकरोडचा जिजाऊ तलाव किंवा तुमच्या जवळचा कुठलाही स्वच्छ खोल तलाव चालेल. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरमध्ये सराव करू नका. काठावरून पाणी शांत दिसतं, पण आत गाळ, अचानक खोली आणि जवळ जीवरक्षक नाही. दर उन्हाळ्यात तिथल्या बातम्या आपण वाचतोच.

पंचवटीत गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीत, पोहायला शिकलेल्या माणसाला पाणी वाहतं हे शिकवावं लागत नाही, आणि समुद्रात ते फार उपयोगी पडतं. तलावात शिकलेल्याचा स्ट्रोक सुंदर असतो, पण चार-पाच फुटांवर तळ आहे हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. दोघांनाही एक सवय मोडावी लागते, मान वर काढून समोर बघत पोहण्याची. स्नॉर्कलमध्ये तोंड सतत पाण्यात, नजर खाली आणि श्वास तोंडाने. पोहायला येतं म्हणून हे आपोआप जमेल असं धरू नका.

दोन-तीन महिने हातात ठेवून या क्रमाने जा.

सुरुवातीला फक्त तरंगा. उताणं पाच मिनिटं, मग पालथं पडून श्वास घ्यायला तेवढी मान वळवत पाच मिनिटं. त्यानंतर खोल बाजूला, भिंतीला हात न लावता, पाण्यात उभं राहून पाच मिनिटं. हे जमेपर्यंत पुढे जाऊ नका. समुद्राचं पाणी खारट आणि जड असल्याने तिथे तरंगणं सोपं जातं, पण त्या भरवशावर तलावातला सराव टाळायचा नाही.

मग मास्क आणि स्नॉर्कल घ्या. मास्क विकत घेतानाची खूण: पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवा, नाकाने हलका श्वास आत ओढा आणि हात सोडा. चिकटून राहिला तर मापाचा. मिशी असेल तर नाकाखालून पाणी शिरतंच, ती थोडी कापावी लागेल. चष्मा असेल तर नंबरच्या काचांचे मास्क मिळतात, ते आधीच मागवा. धुकं धरू नये म्हणून आतून पातळ बेबी शाम्पू लावून खळखळून घ्या. अख्खा चेहरा झाकणारे मास्क ऑनलाइन स्वस्तात मिळतात. ते मी घेऊ देत नाही. आत सोडलेली हवा पुन्हा ओढली जाण्याची शक्यता असते आणि घाबरल्यावर झटकन काढता येत नाहीत.

मास्कमध्ये पाणी शिरलं तर काढून न टाकता रिकामं करायला शिका: डोकं थोडं वर, मास्कची वरची कड कपाळावर दाबायची, नाकाने जोरात श्वास सोडायचा, पाणी खालून निघून जातं. नळीत पाणी गेलं तर एक जोरदार फुंकर. या दोन गोष्टी हाताला आणि फुप्फुसाला इतक्या सवयीच्या व्हायला हव्यात की बोलता बोलता व्हाव्यात, कारण समुद्रात लाट तोंडावर बसते तेव्हा विचार करायला सवड नसते.

नंतर फिन्स, म्हणजे पायात घालायचे लांब वल्ह्यासारखे पंजे. तलावात गर्दीच्या बॅचला फिन्स घालू देत नाहीत, कोचशी बोलून रिकामी वेळ मागून घ्या. लाथ गुडघ्यातून नाही, कमरेतून, लांब आणि सावकाश, आणि फिन पाण्याच्या वर यायला नको. वर आली की फटफट आवाज होतो. पाण्यात आवाज दूरवर जातो आणि हा धुमाकूळ ऐकून प्राणी खाली निघून जातो.

शेवटची परीक्षा अशी: काठावर बसा, मास्कवर हात दाबून पाण्यात सरका, लगेच तोंड खाली, दोनशे मीटर न थांबता, मग दहा मिनिटं एका जागी निश्चल. हे करून बाहेर आल्यावर सरळ वाक्य बोलता येत असेल तर तुम्ही तयार आहात. धापा टाकत असाल तर अजून महिनाभर थांबा. व्हेल शार्क रमतगमत चालला तरी माणसाच्या चालण्याच्या वेगाने जातो, आणि त्या वेगाने फार वेळ पोहणं भल्याभल्यांना जमत नाही. त्याला गाठायचा प्रयत्न करणारा दोन मिनिटांत दमतो. शांत राहणाऱ्याच्या वाट्याला बघायला जास्त येतं.

चाळिशी उलटलेल्यांनी आणि रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना "स्नॉर्कलिंग करणार आहे, दमछाक होऊ शकते" असं स्पष्ट सांगून तपासून घ्यावं. नुसतं "फिरायला जातोय" सांगितलं तर डॉक्टर बिचारे "जा की" म्हणतात.

मधला टप्पा: मालवण

तलावातून थेट मालदीव गाठू नका. मध्ये एकदा मालवणला जाऊन या. नाशिकला सगळ्यात जवळचा समुद्र डहाणू-बोर्डीचा, जव्हारमार्गे गाडीने सहज होतो, पण तिथलं पाणी गढूळ. मास्क घालून खाली बघितलं तर स्वतःचा हातही नीट दिसणार नाही. मालवणच्या आसपास किल्ल्याजवळच्या खडकांवर हिवाळ्यात पाणी बऱ्यापैकी निवळतं. तारकर्लीला एमटीडीसीचं स्कूबा प्रशिक्षण केंद्रही आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. मेअखेरीपासून पावसाळाभर हे सगळं बंद असतं.

तिथे मासे किती दिसतात याला महत्त्व देऊ नका. बोट लागते का, लाटेत मास्क रिकामा करता येतो का, तळ दिसेनासा झाला की छातीत धडधडतं का, एवढंच तपासायचं आहे. कसारा घाटात गाडी लागणाऱ्याला बोटही बहुधा लागते. त्यावरची गोळी डॉक्टरांना विचारून ठरवा आणि मालवणातच घेऊन बघा, कारण काहींना तिने इतकी झोप येते की पाण्यात उतरणं धोक्याचं होतं. गोळी मळमळ सुरू झाल्यावर नाही, बोटीत बसण्याच्या तासभर आधी.

एक गोष्ट पर्यटकांना सहसा कुणी सांगत नाही. मालवणला स्कूबा केलं असेल, म्हणजे सिलिंडर लावून खाली गेला असाल, तर त्याच संध्याकाळी नाशिककडे निघू नका. खोल पाण्यात दाबाखाली शरीरात जादा नायट्रोजन विरघळतो आणि तो हळूहळू बाहेर पडावा लागतो. म्हणून एका डाइव्हनंतर किमान १२ तास आणि अनेक डाइव्हनंतर किमान १८ तास विमानात बसू नये असा नियम आहे. समुद्रसपाटीपासून ३०० मीटरपेक्षा उंच चढणारा रस्ताही यात धरतात. आंबोली काय, फोंडा काय, घाट चढावाच लागतो, आणि नाशिक स्वतः साडेपाचशे मीटरच्या वर आहे. एक रात्र किनाऱ्यावर काढा, मासे खा, सकाळी निघा. नुसतं स्नॉर्कल केलं असेल तर हा नियम लागू नाही.

सफर कुणाकडे घ्यायची

आता बहुतेक बुकिंग व्हॉट्सअॅपवर होतं. पैसे पाठवण्याआधी पुढचं विचारा आणि उत्तरं लेखी घ्या.

"प्राण्याला खाऊ घालता का?" हो म्हणाले की संपलं. फिलिपाइन्समधलं ओस्लोब यासाठी प्रसिद्ध आहे. तिथे बोटीतून कोळंबी टाकून व्हेल शार्क किनाऱ्याशी थांबवले जातात आणि शेकडो लोक रोज त्यांच्याभोवती उतरतात. फोटो हमखास मिळतो, पण सप्तशृंगी गडावरच्या माकडांचं जे झालं तेच तिथे होतं. खाऊ मिळतो म्हणून प्राणी माणसाच्या आणि बोटीच्या जवळ जायला शिकतो, आणि बोटीजवळ गेलं की पंख्याच्या जखमा होतात. जो मासा एरवी समुद्र ओलांडून जातो तो एका जागी अडकून राहतो. जवळपास जात असाल तर ओस्लोब सोडून डोन्सोल घ्या, दिसण्याची खात्री कमी असली तरी.

"दिसेलच अशी गॅरंटी आहे का?" हा उलटा प्रश्न आहे. गॅरंटी देणारा एक तर खाऊ घालतो किंवा खोटं बोलतो. चांगला माणूस म्हणेल, या महिन्यात शक्यता चांगली आहे, नाही दिसला तर दुसऱ्या दिवशी सवलत देऊ. म्हणून मुक्कामाच्या पहिल्याच सकाळी सफर ठेवा, हातात दिवस उरतात.

"एका गाईडमागे किती लोक? तिथे आधीच दुसऱ्या बोटी असतील तर काय करता?" निंगालूत एका प्राण्याजवळ एका वेळी एकच बोट आणि पाण्यात दहाच माणसं चालतात. मालदीवच्या दक्षिण आरीत गर्दीच्या दिवशी एका माशामागे अनेक बोटी लागतात, हे उघड सत्य आहे. त्यामुळे "आम्ही थांबतो, आमची पाळी आली की उतरतो, फार गर्दी असेल तर पुढे जातो" असं सांगणारा शोधा. खूप पहाटे निघणारी बोटही बघा, गर्दी टळते.

शेवटी बोटीत ऑक्सिजन, प्रथमोपचार पेटी, रेडिओ आणि नीट शिडी आहे का ते विचारा. त्यांच्या इन्स्टाग्रामवर जा. पाहुणे माशाच्या पंखाला धरून फोटो काढताना दिसले तर बाकी काही विचारायची गरज नाही.

प्रवास विमा काढताना "पाण्यातले खेळ" वगळलेत का ते बारीक अक्षरात वाचा. स्नॉर्कल बहुतेक चालतं, स्कूबाला अट असते. छोट्या बेटावरून आजारी माणसाला राजधानी मालेला हलवणं हा मोठा खर्च आहे.

सामान

मास्क आणि स्नॉर्कल स्वतःचंच न्या, फिन्स तिथे भाड्याने मिळतात. पूर्ण बाह्यांचा, घट्ट, पोहण्याचा टी-शर्ट सगळ्यात महत्त्वाचा. पाठ भाजत नाही, जेलीफिशपासून थोडा बचाव होतो आणि मालदीवच्या गावांच्या बेटांवर अंग झाकण्याची जी अपेक्षा असते तीही पाळली जाते. सनस्क्रीन कमी लागतं हा वरचा फायदा. ऑक्सिबेन्झोनसारखी काही रसायनं प्रवाळाला घातक ठरू शकतात म्हणून हवाई आणि पलाऊने त्यांच्या विक्रीवर बंदी घातली आहे.

मालदीवच्या कस्टम्ससाठी दोन सूचना, खास आपल्या लोकांना. नाशिकची वाइन भेट म्हणून नेऊ नका, दारू विमानतळावरच काढून घेतात. आणि पूजेची मूर्ती बॅगेत ठेवू नका, तिथे ती आणायला मनाई आहे. चिवडा, लाडू, थेपले खुशाल न्या, बेटांवर शाकाहारी माणसाचे थोडे हालच होतात. मुंबईचं सकाळचं विमान असेल तर आदल्या रात्रीच निघा. घाटात एक कंटेनर बंद पडला की सगळं वेळापत्रक कोलमडतं.

पाण्यात: क्रमाने

सफरीच्या सकाळी मिसळ-बिसळ नको. इडली, केळं, टोस्ट, एवढंच. भरपूर पाणी प्या. बोटीत मागच्या बाजूला, मध्यावर बसा आणि क्षितिजाकडे बघा. मोबाईलमध्ये मान घातली की बोट लागलीच समजा.

गाईडची सूचना चालू असताना हाताच्या खुणा नीट विचारून घ्या: थांबा, खाली बघा, मागे या, मला मदत हवी. आपल्या गटातल्या एकाला जोडीदार ठरवा. एकमेकांवर नजर ठेवणं नवरा-बायकोने गृहीत धरू नये, सांगून ठरवावं.

व्हेल शार्क शोधायला तास-दीड तास जाऊ शकतो. टपावर उभा असलेला माणूस पाण्यात गडद सावली शोधत असतो. सावली दिसली की एकदम धावपळ होते. तेव्हा मास्क शोधत बसू नका, तो आधीच गळ्यात असू द्या. बोट प्राण्याच्या वाटेच्या थोडी पुढे आणि बाजूला थांबेल. पंखा थांबलाय, उतरा, हे गाईड सांगेपर्यंत उतरायचं नाही. काठावर बसून, मास्कवर हात ठेवून, सरकत उतरा. धपकन उडी मारायची नाही, गंगेवर पुलावरून मारायची ती सवय इथे घरी ठेवा.

उतरल्या उतरल्या तोंड पाण्यात घाला. बरेच जण वर डोकं काढून "कुठंय, कुठंय" करतात आणि मासा त्यांच्या पायाखालून निघून जातो. आता त्याच्या बाजूला राहा, छातीच्या पंखाच्या मागच्या रेषेत. अंगापासून किमान तीन मीटर, शेपटीपासून चार. मास्कमधून वस्तू असतात त्यापेक्षा जवळ आणि मोठ्या दिसतात. चार मीटरवरचा मासा तीनवर असल्यासारखा वाटतो, त्यामुळे "फार जवळ आलो" वाटलं तर घाबरायचं कारण नाही, पण थोडं मागे सरकायला हरकतही नाही. त्याच्या तोंडापुढे जाऊन वाट अडवायची नाही, पाठीवरून डुबकी घ्यायची नाही, हात लावायचा नाही. तो वळून तुमच्याकडेच आला, आणि तसं होतं, तर हात अंगाशी घ्या, लाथा थांबवा आणि बाजूने हळू मागे सरका. त्याला ओलांडून जाण्याइतकी जागा हवी असते, तेवढी द्या.

तो खाली जायला लागला की भेट संपली. पाठलाग करू नका. हात वर करा, गट एकत्र करा, बोट येऊ द्या. शिडीजवळ एका वेळी एक जण, शिडी धरल्यावरच फिन्स काढून वर द्यायच्या. चिडचिड होते, कारण काही वेळा ही भेट दोन मिनिटांची असते. तरी बोटवाल्याला "त्याच्या मागे घ्या" म्हणायचं नाही.

मांटाचं तंत्र अगदी वेगळं. तिथे पोहायचंच नाही. पसरून, आडवं, निश्चल तरंगायचं आणि पाय तर मुळीच हलवायचे नाहीत. खाणाऱ्या मांटा एकामागोमाग रांगेने येतात, कोलांट्या मारतात, कधी हातभर अंतरावरून वळतात. त्या अंतर ठरवतील, आपण नाही. त्यांच्या अंगावर चिकट थर असतो आणि हात लावला की तो निघतो. प्रवाळाच्या ज्या खडकावर छोटे मासे त्यांची सफाई करतात त्याच्या थेट वर जाऊन थांबू नका, मांटा यायच्याच बंद होतात. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं आणि त्यासाठी वर्षभर लागतं, त्यामुळे एका जागेवरून हुसकावलेल्या मांटा लगेच भरून निघत नाहीत.

हंपबॅकसोबत उतरायची वेळ आली तर सगळा निर्णय गाईडचा. विश्रांती घेणारी मादी आणि पिल्लू असेल तर गट घट्ट एकत्र ठेवायचा आणि दोघांच्या मध्ये कधीही यायचं नाही. पिल्लू खेळकर असतं आणि स्वतःच जवळ येतं, पण त्याची आई २५ ते ३० टनांची असते आणि तिचा छातीचा पंख तिच्या अंगाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा लांब. २०२० मध्ये निंगालूत हंपबॅकच्या फटक्याने एक पोहणारी गंभीर जखमी झाली होती. शेपूट आपटणं किंवा पंख मारणं दिसलं की मागे या. कासवाला एवढंच: त्याच्या वर तरंगू नका, त्याला श्वासासाठी पृष्ठभागावर यायचं असतं.

काही बिनसलं तर

दम लागला, छाती भरून आली, खोकला थांबेना, तर सगळ्यात आधी नळी तोंडातून काढा, उताणे व्हा, हात वर करून गाईडला बोलवा. "थोडा वेळ बघू" असं करू नका. याच वेळेला माणूस लाजतो आणि तिथेच घात होतो. पायात गोळा आला तर उताणं होऊन फिनचं टोक स्वतःकडे ओढा. ओढ लागली तर तिच्याविरुद्ध पोहू नका. तरंगत राहा, बोट शोधत येईल, म्हणून तर बोटीवरून लांबूनही दिसेल अशा रंगाचे कपडे आधीच घालायचे. लाईफ जॅकेट घालून उतरण्यात काही कमीपणा नाही, पण ते तलावात एकदा घालून बघा, पालथं पडताना ते गळ्याशी वर चढतं. लहान मुलांच्या बाबतीत मी वयापेक्षा एकच बघतो, मास्कमध्ये पाणी शिरल्यावर मूल रडतं का. रडत असेल तर त्याला बोटीतून बघू द्या, पुढच्या वर्षी उतरेल.

फोटो

सेल्फी स्टिक नको, फ्लॅश नको, कॅमेरा मनगटाला बांधलेला असू द्या. पहिली भेट कॅमेऱ्याशिवाय घ्या असं मी सांगतो, कुणी ऐकत नाही. निदान एक उपयोगी फोटो काढा: व्हेल शार्कच्या डाव्या बाजूचा, कल्ल्यांच्या लगेच मागचा ठिपक्यांचा भाग, शक्य तितका सरळ बाजूने, तिरका नको. प्रत्येकाच्या ठिपक्यांची रचना वेगळी असते आणि ती जुळवायला मुळात आकाशातल्या ताऱ्यांचे नकाशे जुळवण्यासाठी बनवलेली गणिती पद्धत वापरतात. मांटाच्या बाबतीत पोटावरचे ठिपके लागतात, म्हणजे ती कोलांटी मारेल तेव्हाचा फोटो. मालदीवमध्ये व्हेल शार्कचा संशोधन कार्यक्रम २००६ पासून अशा नोंदी ठेवतो आणि मांटांसाठी मांटा ट्रस्ट. परतल्यावर त्यांच्या वेबसाइटवर तारीख, जागा आणि अंदाजे लांबी लिहून फोटो पाठवा. फोटो कापून, फिल्टर लावून पाठवला तर ठिपके जुळत नाहीत, मूळ फाइलच द्या. आणि तो मास्क खारट पाण्यासकट बॅगेत कोंबू नका. हॉटेलातच गोड्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा, उन्हात ठेवला तर त्याचं सिलिकॉन पिवळं पडतं.